धुरपदाक्कांचा राखून ठेवलेला सूड

धुरपदाक्कांशी सातखेड्यात कुणी भांडत नाही. गावाला भांडणाची हौस नाही असं मुळीच नाही. बांधावरून, कोंबडीवरून, नळाच्या पाण्यावरून आमच्याकडे रोज छान भांडणं होतात. पण अक्का समोर आल्या की माणूस एकदम आवाज खाली आणतो आणि "जेवन व्हयनं का अक्का?" असं विचारून सटकतो. कारण धुरपदाक्का बारात म्हणतात.

बार असतो आमच्या आखाजीला. अक्षय्य तृतीयेला गावाच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन सगळं गाव सुस्तावतं. उन्हं कलली की आमच्या बायका नदीच्या ह्या काठावर आणि पळसबर्डीच्या बायका त्या काठावर उभ्या राहतात. मध्ये नदी, म्हणजे त्या दिवसांत वाळू आणि एखादं डबकं. मग गाण्यांतून एकमेकींच्या गावाला शिव्या, तो बार. समोरच्या गावातल्या पुरुषांचं नाक, मिशी, पोट, अक्कल, सगळ्याचा उद्धार होतो. दोन्हीकडचे पुरुष मागे उभे राहून ऐकतात. रागवायचं नाही हा नियम, आणि दिवस मावळला की सगळं विसरायचं हाही नियम. पण अक्कांच्या ओळी विसरल्या जात नाहीत, ही पळसबर्डीची खरी अडचण. तिथल्या एका दुकानदाराच्या तराजूवर त्यांनी एका वर्षी दोन ओळी म्हटल्या. त्यानं तराजू बदलला, मग दुकानाची जागा बदलली. त्या दोन ओळी दर वेळी त्याच्या आधी नव्या जागी पोचल्या.

अक्कांचं माहेर आणि सासर एकाच गावात. नवलभाऊंशी लग्न झालं तेव्हा वरात वाजंत्र्यांनी सूर लावेपर्यंत सासरच्या दारात पोचलीसुद्धा होती. तरी माहेर ते माहेर. त्यांचा धाकटा भाऊ उखर्डू दर आखाजीला बहिणीला न्यायला बैलगाडी घेऊन यायचा. बैलांना झुली, शिंगांना गोंडे. दोन घरांच्या मधल्या बोळातून गाडी जात नसे, म्हणून तो तिला सगळ्या गावाला वळसा घालून न्यायचा. मारुतीच्या पारावरून, शाळेवरून, दूध डेअरीवरून.

"कथा निंघनी अक्का?" लोक मुद्दाम विचारायचे.

"माहेर!" अक्का जणू सुरतेला निघाल्यासारखं सांगायच्या, आणि उखर्डू बैलांना उगाच हाकारायचा.

मग दोन हजार एकवीस साल आलं, आणि लस आली.

लस येण्याची रीत अशी होती. पुण्याहून नाशिक, नाशिकहून जळगाव, जळगावहून तालुका, तालुक्याहून आरोग्य केंद्र आणि तिथून बर्फाच्या डब्यात बसून जीपनं गावात. प्रत्येक मुक्कामी तिला थंड पेटी आणि प्रत्येक पेटीमागे एक साहेब. दिल्लीत ठरलेला आकडा मुंबईत कमी व्हायचा, मुंबईचा जळगावात, आणि आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत त्याची तब्येत अगदीच खालावलेली असायची. आरोग्य केंद्राचे डॉक्टर हितेंद्र नवीन लागलेले, मिशी अजून मनावर घेत नसलेले. त्यांनी कुठल्या गावाला कुठला वार हे नीट आखून वर पाठवलं. वरून मंजुरी आली. सातखेड्याला मंगळवार.

त्या मंगळवारी उजाडायच्या आत शाळेपुढे रांग लागली. माणसांची नव्हे, वस्तूंची. चपला, दगड, पिशव्या, एक कळशी. माणसं सावलीत बसली होती. अक्कांच्या जागी त्यांचा तांब्या होता, आणि तांब्याच्या पुढे उखर्डूची बैल हाकायची काठी. "मना नंबर तुना पुढे शे," तो बहिणीला चिडवत होता, "माले आधी टोचतीन. मंग मी सांगसु तुले, दुखस का नही ते."

फाट्यावर जीपचा धुरळा दिसला. सगळे उठले, आपापल्या चपलेत उभे राहिले. धुरळा फाट्यावर थोडा थांबला आणि पळसबर्डीच्या रस्त्याला लागला.

दुपारी डॉक्टर मोटारसायकलवर आले. बिचारे न येते तरी चाललं असतं, पण आले.

"डॉक्टर, जीप चुकनी का?" अक्कांनी विचारलं.

"चुकली नाही अक्का. वळवली."

"कोन वळाई?"

डॉक्टरांनी हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "पळसबर्डीच्या प्रेमराज आबांनी जिल्ह्याला फोन केला. जिल्ह्यातून तालुक्याला आला. तालुक्यातून मला. आता वरून सांगितल्यावर मी..."

"आनि तू कोनले करा?"

"मी जीपच्या ड्रायव्हरला."

"म्हंजे बठ्ठासले फोन गया," अक्का म्हणाल्या. "आमलेच कोनी करा नही."

प्रेमराज आबा म्हणजे पंचायत समितीचे सदस्य. इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशात दोन फोन, आणि दोन्ही फोनवर एकाच वेळी बोलायची कला. त्या दिवशी पळसबर्डीच्या शाळेवर 'आबांच्या प्रयत्नाने' असा फलक लागला. फलकावर आबांचा फोटो एवढा मोठा की लसीच्या बाटलीला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं होतं. आणि टोचून घ्यायला आले ते बहुतेक आबांचे पाहुणे, व्याही, आणि जळगावहून मोटारीतून आलेले त्यांच्या ओळखीचे लोक. पळसबर्डीचे म्हातारे कठड्यावर बसून मोटारी बघत होते.

सातखेड्याचा पुढचा वार लागायच्या आत उखर्डूला ताप आला. जळगावला नेला. तिथून तो परत आला नाही. त्याला आणूही दिलं नाही. आखाजी तोंडावर आली होती.

त्या आखाजीला अक्का नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसल्या. कशाला ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही "आत चला" म्हटलं नाही. नवलभाऊ ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तंबाखू मळत बसले होते; ती मळून संपलीच नाही. ऊन उंबऱ्यावरून सरकलं तेव्हा अक्का उठल्या आणि नदीवर निघाल्या. बंदीचे दिवस. पोलीस पाटील आडवा आला, "अक्का, यंदा बार बंद शे, सरकारना हुकूम."

"बंद ते बंद," अक्का म्हणाल्या. "प्रेमराजले सांगी दे, पुढला साल मी दोन सालनं म्हनसु."

डॉक्टर भेटायला आले तेव्हा खरं तेच बोलले. "अक्का, त्या एका डोसनं उखर्डूभाऊ वाचलेच असते असं नाही. तेवढ्या दिवसांत ती लस..."

"नही वाचता," अक्का म्हणाल्या. "पन त्याना नंबर व्हता ना रे बाबा?"

 

तर लस थंड ठेवावी लागते, नाहीतर फुकट जाते. सुडाचं उलट. तो गरम ठेवावा लागतो आणि वर्षभर गरम ठेवायचा म्हणजे काही खेळ नाही. माणसाला कामं असतात, कपाशी वेचायची असते, सुनेशी जमवून घ्यायचं असतं. हळूहळू राग कोमट होतो. अक्कांनी होऊ दिला नाही. रोज सकाळी गोठा झाडताना त्या प्रेमराजवरची एक ओळ रचायच्या, आदल्या दिवशीची घासून काढायच्या. नवलभाऊ जवळपास असले तर कान देऊन ऐकायचे. "एक ओळ ते अशी व्हती," ते पारावर सांगत, "आमना बैल चावाना थांबी गया."

ही बातमी नदी ओलांडून गेली, आणि काय सांगू, राज्यकारभार सुधारला. त्यानंतर सातखेड्याचा एकही वार चुकला नाही. जीप फाट्यावर आली की ड्रायव्हर न विचारता आमच्याकडे वळायचा. तालुक्याच्या बैठकीत कुठल्या गावाला किती ह्याची वाटणी चालू असताना कुणीतरी हळूच विचारायचं, "सातखेड्याचं झालं ना?" विचारणारे बहुधा आबाच असायचे. केंद्र, राज्य, जिल्हा, तालुका आणि आरोग्य केंद्र ह्यांच्याखाली आता धुरपदाक्का हा एक स्तर तयार झाला होता, आणि सगळ्या वरच्या स्तरांना त्याची भीती होती.

पण अक्कांना एवढ्यानं समाधान नव्हतं. "पळसबर्डीना पुढे जावाले पाहिजे," त्या म्हणाल्या. "बठ्ठा गावना दंडले सुई लागनी पाहिजे. एक बी नको सुटाले."

पुढे पुढे लस भरपूर झाली आणि माणसं कमी पडायला लागली. डॉक्टर दारोदार फिरायचे, लोक मागच्या दारानं शेतात जायचे. अक्का त्यांच्याबरोबर फिरायला लागल्या. पुना म्हातारा कपाशीच्या खोलीत लपला होता. गाठोड्यांच्या मागून त्याचा आवाज आला, "माले काही व्हयेल नही. माले सुई नको."

"ऱ्हाऊ दे डॉक्टर," अक्का मोठ्यानं म्हणाल्या. "पुनाना बारमां दखसुत."

पुना बाही वर करूनच बाहेर आला. केसांत कापूस तसाच.

वर्ष सरता सरता सातखेड्यात एक दंड कोरा राहिला नाही. तालुक्याच्या साहेबांनी डॉक्टरांना बैठकीत उभं करून विचारलं, तुम्ही नेमकी कुठली पद्धत वापरली? डॉक्टर क्षणभर घुटमळले आणि "लोकसहभाग" म्हणून खाली बसले. पळसबर्डीचं मात्र बिंग फुटलं. तिथल्या शाळेत डोस तर खूप गेलेले, पण गावातली माणसं कोरीच. आबांनी लस गावात आणली होती आणि टोचली होती पाहुण्यांना. मग जिल्ह्याचं पथक आलं, तालुक्याचं आलं, आणि सगळ्या पथकांना चहा आबांच्या घरी. आबांची बायको प्रमिलाबाई चहा करून करून वैतागली. "तुमना फोन कमी करा," ती नवऱ्याला म्हणाली म्हणे, "मना दूध संपनं."

दिवाळीनंतर आबा स्वतः सातखेड्यात आले. हातात नारळ आणि साडी.

"अक्का, जे झालं ते झालं," आबा म्हणाले. "त्या वेळी वरूनच माल कमी होता. मी तरी काय करणार?"

"वरतीन कमी उना," अक्का म्हणाल्या, "मंग आडवा कसा गया?"

आबांनी एक फोन काढला, बघितला, ठेवला. "पोरीचं लग्न काढलंय. चार ठिकाणचे पाहुणे येतील. बारात तेवढं माझं नाव..."

"साडी ली जाय," अक्का म्हणाल्या. "प्रमिलाले नेसाड. आनि आखाजीले ये नदीवर. मी आठे काहीच बोलाव नही."

नवलभाऊंनी त्या दिवशी बायकोला एकच प्रश्न विचारला. "बठ्ठं म्हनशी का?"

"बठ्ठं."

ते बठ्ठं, म्हणजे सगळं, किती होतं हे गावाला हळूहळू कळलं होतं. आबांच्या दोन फोनांवर होतं, फलकावर होतं, पांढऱ्या कपड्यांच्या आतल्या माणसावर होतं. शेवटच्या कडव्यात उखर्डूची काठी होती. ते कडवं अक्कांनी कुणालाच ऐकवलं नव्हतं, नवलभाऊंनाही नाही. भूमिका, त्यांची सून, यावलकडची. तिला तिकडे असले बार माहीत नाहीत, तरी तीसुद्धा म्हणायची, आत्यांचं हे गाणं झालं की आबांना तालुका सोडावा लागेल.

मग चैत्र आला. आबांच्या पोरीचं लग्न उरकलं. अक्का आणि भूमिका गच्चीवर कुरडया घालत होत्या. भूमिका आदल्या दिवशी एरंडोलच्या बाजाराला जाऊन आली होती आणि तेव्हापासून एक गोष्ट तिच्या पोटात राहत नव्हती.

"आत्या, प्रेमराज आबा काय सांगत फिरतोय माहीत आहे?"

"काय?"

"म्हणे, धुरपदाक्का यंदा माझ्यावर म्हणणार. दोन गावांत माझ्याएवढं नाव घेण्यासारखं आहे कोण? बाई काही किरकोळ माणसाला शिव्या देत नाही. लस मीच आणली, म्हणून माझ्यावर गाणं. जळगावचा व्हिडिओवाला सांगून ठेवलाय त्यानं. निवडणूक लागेल आता, म्हणतो, तोवर हे गाणं मोबाईलवर घरोघर जाईल. मोठी मिरवणूक काढूनसुद्धा एवढं नाव होणार नाही म्हणे."

अक्कांचा सोऱ्या थांबला. पाटावर कुरडईचा अर्धाच वेढा पडला होता.

"खुश शे का तो?"

"नवा सदरा शिवायला टाकलाय."

 खालून नवलभाऊंनी पाणी मागितलं, ते अक्कांना ऐकू गेलं नाही. वर्षभर रोज घासलेलं गाणं, आणि त्याचा त्या माणसाला हार म्हणून उपयोग होणार होता.

"मंग आत्या, म्हणायचं नाही?"

"म्हनसु ना," अक्का म्हणाल्या आणि सोऱ्या फिरवायला लागल्या. "बार शे. म्हननं ते पडीच."

आखाजीच्या सकाळी उखर्डूच्या घरी पितरांच्या घागरींत त्याच्या नावाची घागर भरली. मांडे झाले, आमरस झाला. अक्कांनी जेवणात काही कमी केलं नाही. शिव्या द्यायला अंगात ताकद लागते. उन्हं कलल्यावर दोन्ही काठ भरले. दोन वर्षं बार झाला नव्हता, त्यामुळे धुळ्या-यावलहून, नशिराबादहून आलेल्या लेकी अक्षरशः शिव्या साठवून आल्या होत्या. पलीकडे प्रमिलाबाई बायकांच्या पुढे, आणि त्यांच्या मागे, सगळ्यांपेक्षा थोडे उंच जागी, आबा. नवा सदरा. शेजारी व्हिडिओवाला.

अक्का पुढे झाल्या. व्हिडिओवाल्यानं यंत्र उचललं.

"जिल्ह्याना साहेब वं, त्यानी खुर्ची गरगर फिरस,
आमना गावनं नाव काढं की मेला झटकन इसरस!"

ह्या काठानं ओळ उचलली. त्या काठावरचे पुरुषही हसले. साहेब दोघांचाच होता. आबा सर्वांत मोठ्यानं हसले. आपला नंबर येतोय हे त्यांना दिसत होतं.

"डॉक्टर आमना कोवळा वं, त्याले मिशी उनी नही,
सुई धरस वाकडी म्हनीसन बायको भेटनी नही!"

डॉक्टर हितेंद्र मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांचे कान लाल झाले, पण त्यांनी मान खाली घालून नमस्कार केला. मग जीपचा ड्रायव्हर. मग जीप. मग बर्फाचा डबा. पुना म्हाताऱ्याला कापसासकट म्हटलं, तो खुशीत नाचला. पळसबर्डीचा सरपंच, त्याची गाय, त्याच्या गायीचं शेपूट. ज्या कठड्यावर बसून पळसबर्डीचे म्हातारे मोटारी बघत होते त्या कठड्यालाही दोन ओळी मिळाल्या. प्रत्येक कडवं संपलं की आबा सदरा खाली ओढून नीट उभे राहायचे, आणि पुढचं कडवं कुणा भलत्याचंच निघायचं.

ऊन वाळूवरून उतरलं. अक्का थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला."

पलीकडे गडबड उडाली. प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या वतीनं सणसणीत उत्तर तयार ठेवलं होतं. पाठ करून ठेवलं होतं. उत्तराला प्रश्नच आला नव्हता. आबांनी मागून काहीतरी खुणावलं. शेवटी प्रमिलाबाई पाण्याच्या डबक्यापर्यंत खाली आल्या आणि ओरडल्या, "वं धुरपदा! मना नवराले काय म्हनस ते म्हन ना!"

अक्का वळल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आबांवरून नजर गेली, थांबली नाही.

"तुना नवरा कोन शे वं बाई?"

 मग पळसबर्डीच्याच बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू आवरता आवरेना. व्हिडिओवाल्यानं विचारलं, "आबा, हे घेऊ का?" आबा काठावरून मागच्या मागे उतरले. फोन दोन्ही खिशातच होते.

परतताना भूमिका हसून हसून रडायला आली होती. अक्का हसत नव्हत्या. नवलभाऊंनी हळूच विचारलं, "ते गानं वाया गयं का मंग?"

"मनाजोडे शे," अक्का म्हणाल्या.

अक्कांजवळचं ते गाणं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आबा मात्र दर आखाजीला नदीवर येतात. पहिल्यांदा उंचावर उभे राहायचे, मग बायकांच्या बाजूला, आता तर पार वाळूत उतरून. एका वर्षी निरोपही पाठवला होता, काहीही म्हणा, वाटेल ते म्हणा. अक्का साहेबांवर म्हणतात, सरपंचावर म्हणतात, नव्या डॉक्टरावर म्हणतात. गेल्या आखाजीला आबांच्या कुत्र्यावर म्हणाल्या. कुत्र्याचं नाव घेतलं.